नर्सला बोलवा

प्लास्टिकच्या म्हाताऱ्याच्या घशात कफ अडकला होता. घर्र घर्र आवाज अपूर्वा मॅडम स्वतःच काढत होत्या. मेघनाने सक्शनची नळी उचलली, तशा मॅडम ओरडल्या, "हात लावू नका! काय शिकवलं? नर्सला बोलवायचं."

"मीच नर्स आहे," मेघना म्हणाली.

दादरच्या त्या जपानीच्या क्लासमधल्या सगळ्या जणी तिच्याकडे वळून बघायला लागल्या. परळच्या आयसीयूत दहा वर्षं काढलेली बाई, आणि तिला नळी खाली ठेवायला सांगतात!

"इथे असाल," मॅडम म्हणाल्या. "तिकडे नर्स व्हायचं तर त्यांची परीक्षा द्यावी लागते, तीही जपानीत. तुमचा व्हिसा केअरगिव्हरचा आहे. आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. कफ काढणं नर्सचं काम."

मेघना गर्रकन वळली. एजन्सीचे वैभव सर दारात मोबाइल चाळत उभे होते.

"सर, तुम्ही नर्सची नोकरी म्हणाला होतात! लालबागला घरी येऊन, माझ्या बाबांसमोर. तुमच्या शब्दावर मी हॉस्पिटल सोडलं."

"अहो ताई, लाइन तीच आहे ना? ॲडजस्ट करा थोडं. परीक्षा काय, तिकडे जाऊनही देता येते."

"ॲडजस्ट? आणि माझी डिग्री काय गोधडीत गुंडाळून ठेवू? धडधडीत खोटं बोललात. लाज कशी वाटली नाही हो?"

सरांनी मोबाइल खिशात टाकला आणि ते म्हाताऱ्याजवळ येऊन उभे राहिले. "हे बघा, उद्या जपानची माणसं मुलाखत घेणार आहेत. आत्ता नीट करून दाखवा, नाहीतर तुमचं नाव काढतो. मग बसा घरी."

काय माजलाय मेला, असं प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. पण बोलली एकही नाही. मुलाखत सगळ्यांचीच होती.

मेघनाने नळी ठेवली. मॅडमनी पुन्हा घर्र घर्र सुरू केलं.

"कांगोशी-सान!" तिने जपानीत नर्सला हाक मारली, इतक्या जोरात की खालच्या साडीच्या दुकानातही ऐकू गेली असेल. "कांगोशी-सान!"

मग तिने बाह्या सरसावल्या. "आले, आले. बाजूला व्हा, सर," म्हणत मशिनचं बटण दाबलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडात नळी सरकवली.