नाव झाकून

“यंदा आपल्या त्रैमासिकानं कात टाकली!” संपादक खांबेटेसर वार्षिक बैठकीत गरजले. “पूर्वी व्यवस्थापनशास्त्रावर कुणीही काहीही खरडावं, आपण छापावं. वर्षभरात लेख तिपटीनं वाढले, आणि मी लेखकाचं नाव झाकून परीक्षणाला धाडायची शिस्त लावली. आता दहांतले नऊ परत जातात!”

टाळ्या पडल्या. सहसंपादक मुग्धा तेवढी सरांच्या कानाशी लागली. “सर, त्या नवांत तुमचाही एक आहे.”

सरांच्या निवृत्तीच्या अंकात झळकायचा होता, तोच लेख.

“छापू का तसाच? अजून संपादक तुम्हीच आहात.”

सरांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. शिस्त मोडावी, तर भाषण गिळावं लागणार. “नको, परत पाठव. परीक्षक काय म्हणतो?”

“लेखकानं विषयाचं एखादं प्राथमिक पुस्तक वाचावं.”

“नकाराचं पत्र घरच्या पत्त्यावर येईल,” सर हळूच म्हणाले, “बायको उघडते. ‘प्राथमिक’ तेवढं गाळशील?”