सांगणारा

"बत्तीसपट घेऊन करणार काय तुम्ही? चंद्रावरचे ससे मारायचेत का?" दुकानदार ट्रुडीने बंदुकीवर बसवायची दुर्बीण काचेच्या कपाटावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

"प्रेअरी डॉग मारायचेत. जुनी चोवीसपट आहे, आता तिच्यात काही दिसत नाही," ऑरिन म्हणाला. "दहातल्या आठ गोळ्या फुकट जातात."

साउथ डकोटाच्या त्या टापूत प्रेअरी डॉगचं कौतुक फक्त पाहुण्यांना. खारीच्या कुळातलं हे फूटभर जनावर बिळं पोखरून कुरणाची चाळण करतं, आणि त्या बिळात पाय अडकून घोडा लंगडा झाला की धन्याची झोप उडते. ऑरिन स्कारने गेल्याच महिन्यात एक घोडी अशी गमावली होती. पण तो दुकानात आला होता ते केवळ घोडीपायी नव्हे. अडुसष्टाव्या वर्षी आपला नेम गेला, हे त्याला कबूल करायचं नव्हतं. दोष दुर्बिणीचा निघाला तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"जास्त पट म्हणजे जास्त दिसतं, असं नसतं," ट्रुडी म्हणाली. तिच्या बापाने याच कपाटामागे उभं राहून ऑरिनला पहिली बंदूक विकली होती, त्यामुळे त्याला चार शब्द सुनवायचा हक्क तिला वारशानेच मिळाला होता. "दहा वाजले की जमीन तापते. मग बत्तीसपटीत मृगजळच बत्तीसपट दिसतं. आणि बार उडाला की बंदूक धक्का देते, तुमची नजर जाते भलतीकडे. परत जागेवर येईस्तोवर धूळ बसलेली. गोळी पडली कुठे, ते दुसऱ्यानेच सांगावं लागतं. तुमच्याकडे सांगणारा होता, म्हणून चोवीसपट चालून गेली."

सांगणारा म्हणजे ऑरिनचा थोरला भाऊ, लायल. तीस वर्षं ऑरिनने बार काढले आणि लायल शेजारी तिकाटण्यावर दुर्बीण लावून बसला. बार उडाला की ऑरिन विचारायचा, "कुठे?" लायल सांगायचा, "वर, चार बोटं." सांगितल्याशिवाय दुसरी गोळी घालायची नाही, हा बापाने घालून दिलेला नियम. लायलने स्वतः कधी बार काढला नाही. त्याची त्याला हौसही नव्हती.

मग आई गेली आणि ओढ्याकाठचं कुरण लायलने पवनचक्क्यांना द्यायचं ठरवलं. त्यावरून झालेल्या भांडणात ऑरिन बोलून गेला, "दुसऱ्याच्या चुका सांगण्यापलीकडे जन्मात केलंस काय तू?" लायल उठून गेला. आठवड्याने मधे काटेरी कुंपण आलं. लायलचं घर पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण सहा वर्षांत ऑरिनने त्या बाजूला मान वळवली नव्हती. आता तो कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवायचा आणि गोळीमागून गोळी घालत सुटायचा. कुणाला विचारणार होता?

"एकट्या माणसाने ही घ्यावी," ट्रुडीने दुसरी दुर्बीण पुढे केली. "बारापट. धक्का बसला तरी आजूबाजूचं सगळं नजरेत राहतं. आपली गोळी आपणच बघायची. कुणाची गरज नाही."

ऑरिनने ती डोळ्याला लावून दाराबाहेर पाहिलं. पोस्ट, पोस्टापुढची पिकअप, तिच्या मागच्या हौद्यात झोपलेलं कुत्रं, सगळं एका नजरेत स्वच्छ दिसत होतं. नेमकी हीच दुर्बीण त्याला हवी होती. तिच्यामुळे नेम परत आला असता, आणि मग जन्मभर कुणाला "कुठे?" म्हणून विचारावं लागलं नसतं. लायलची त्याला आठवण येत होती, रोज येत होती, आणि हे त्याने आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याने दुर्बीण खाली ठेवली. "राहू दे पोरी. माझी चोवीसपटच बरी."

"आणि सांगणार कोण?"

त्याने हॅट उचलली आणि तो निघाला.

रविवारी सकाळी, वारा उठायच्या आत, त्याने बंदूक टेकायचं मेज कुंपणाजवळ नेऊन मांडलं. चारशे यार्डांवर एक प्रेअरी डॉग बिळाच्या तोंडाशी उभा होता. ऑरिनने श्वास सोडला आणि चाप ओढला. बंदुकीने धक्का दिला, दुर्बिणीत आभाळ आलं. नजर जागेवर आली तेव्हा धूळ बसली होती आणि जनावर पळालं होतं. गोळी कुठे गेली ते नेहमीसारखंच कळलं नाही.

दुसरी गोळी त्याने भरली नाही. कानांवरची टोपणं काढून मेजावर ठेवली. छाती धडधडत होती. मान न वळवता त्याने मोठ्याने विचारलं, "कुठे?"

कुणी बोललं नाही. दूर पवनचक्की फिरत होती. हेच आपल्याला मिळालेलं उत्तर, असं ऑरिनने धरलं, आणि ते रास्तही होतं. तरी तो बसून राहिला. नियम म्हणजे नियम.

मग कुंपणापलीकडे खुर्ची करकरली. त्याने मान वळवली. लायल व्हरांड्यात बसला होता. पुढ्यात तिकाटणं होतं आणि तिकाटण्यावर तीच जुनी दुर्बीण, कुंपणाच्या अलीकडे, ऑरिनच्या कुरणावर रोखलेली.

"डावीकडे, वीतभर," लायल म्हणाला. "सहा वर्षं डावीकडेच मारतोयस."