अकरा सह्या

बाकावर चौदा कागद होते आणि त्यांवर सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या सतरा फुल्या. निशिगंधाने त्या दोनदा मोजल्या. नेदरलँड्समधल्या एडे-वाखनिंगन स्टेशनबाहेर वारा सुटला होता.

डेल्फ्टहून कागद घेऊन आलेली मृदुला कोरोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटर लांब उभी होती.

"वाचून घे गं आधी."

"तू वाचलेस ना? मग झालं."

"आणि म्हणे संशोधन करते!"

दोघींचे पुण्यात एकाच इमारतीत फ्लॅट होते. निशिगंधाच्या फ्लॅटमध्ये, पाचव्या मजल्यावर, तिची आई एकटी राहायची. लिफ्ट बिल्डरच्या ताब्यात होती आणि सात महिने बंद. दुखऱ्या गुडघ्यांमुळे आई तेवढे महिने खाली उतरलीच नव्हती. सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली की कारभार फ्लॅटधारकांकडे येणार होता. बिल्डरची त्याला हरकत होती. नोंदणीला वीसपैकी किमान अकरा सह्या लागत. मिळाल्याही अकराच. त्यांतल्या सात निशिगंधाने फोन करकरून मिळवल्या होत्या.

तरी ऑनलाइन बैठकीत सगळ्यांच्या वतीने अर्ज करणारा मुख्य प्रवर्तक निवडायची वेळ आली, तेव्हा तळमजल्यावरचे श्रीधरकाका म्हणाले, "मृदुला असताना दुसरं नाव कशाला?" चौघांनी लगेच अंगठे दाखवले. निशिगंधाने 'नेट जातंय' असं लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"बैठकीचं इतिवृत्त पाहिलंस ना?" मृदुलाने विचारलं.

"पाहिलं." तिने ते उघडलंही नव्हतं.

"मग? चालेल ना तुला?"

"न चालायला काय झालं? सगळ्यांनी ठरवलंय."

"हुश्श! मला वाटलं, चिडशील. काका म्हणाले, चिडली तर चिडली, बघून घेऊ."

निशिगंधा हसली. शेवटच्या फुलीवर पेनाचं टोक कागदात रुतलं.

मृदुलाने कागद कुरिअरने पुण्याला पाठवले. बाराव्या दिवशी काकांचा ग्रुपवर संदेश आला : "मुख्य प्रवर्तकांचं प्रतिज्ञापत्र आज नोटरीसमोर झालं. प्रस्ताव दाखल!" मृदुलाने खाली नाचणाऱ्या बाईचा इमोजी टाकला. त्याच सकाळी तिने डेल्फ्टच्या कालव्याचा फोटो टाकला होता.

निशिगंधाने नियम शोधला. नोटरीसमोर स्वतः हजर राहून सही करायची असते. इथे काकांनी नेहमीप्रमाणे ओळखीवर शिक्का मारून घेतला होता.

तिने नवा ईमेल पत्ता तयार केला आणि बिल्डरच्या वकिलाला एकच वाक्य पाठवलं : "मुख्य प्रवर्तक त्या दिवशी पुण्यात नव्हत्या, नेदरलँड्समध्ये होत्या." मृदुलाचं नाव बाद होईल आणि दुसरं नाव द्यावं लागेल, असा तिचा अंदाज होता. ते दुसरं नाव कुणाचं असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

फेब्रुवारीत सहकार खात्याच्या उपनिबंधकांसमोर व्हिडिओवर सुनावणी झाली. वाखनिंगनमध्ये सकाळचे साडेसात वाजले होते, पुण्यात दुपारचे बारा. प्रस्तावाच्या बाजूने एक वकील बोलत होते. बाकी सगळ्यांचे आवाज बंद होते.

"त्या दिवशी या बाई देशातच नव्हत्या, साहेब," बिल्डरचा वकील म्हणाला. "पासपोर्ट मागवा."

"खरं आहे का?" उपनिबंधकांनी विचारलं.

प्रस्तावाचे वकील म्हणाले, "महामारीमुळे विमानं बंद होती, साहेब."

मृदुलाच्या चौकटीत तिचा हात तोंडावर गेलेला दिसला. निशिगंधाने चहाचा घोट घेतला.

उपनिबंधक आदेश सांगू लागले, कारकून टाइप करत गेला. "बैठकीत मृदुला कर्वे यांनी नकार देऊन सुचवल्यावरून एकमताने निवडलेल्या मुख्य प्रवर्तक, श्रीमती निशिगंधा आगाशे, यांचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. सबब त्यांची सही बाद. वैध सह्या दहा. आवश्यक अकरा. नोंदणी नामंजूर."