पहिला मालक

उत्कर्षचा टॅब एसटीत चोरीला गेला, म्हणून दौलतरावांनी पोरासाठी कामरगावातून जुना टॅब घेतला. घरी चालू केला, तर तो पहिल्या मालकाचं खातं मागू लागला. दौलतराव तसेच टॅब घेऊन परत दुकानात गेले.

"चोरीचा त नाही ना रे हा?"

"नाही काका. कॉलेजातल्या एका पोरानं खोक्या-बिलासकट आणून विकला. त्याच्याच खात्याचं कुलूप हाय. कोड मागवतो, पन तो त्याच्या बापाच्या फोनवर जाईन. आपल्याकडं पोरायचे खाते बापाच्याच नंबरवर असतात."

"जाऊ दे. त्या बापाले बी समजू दे, पोरगं काय दिवे लावून राह्यलं."

दुकानदारानं बटण दाबलं.

 

दौलतरावांच्या खिशातला मोबाईल वाजला.