वॉशिंग्टनला राहिलेले पुढारी

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण आमच्या पुढाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या साहेबाला रडवलं. त्यांच्याबरोबर जाऊन एकटाच परत आलो त्या दिवशी मेंढवाड्यापाशी जमलेल्या आमच्या नवाहो जमातीच्या मंडळींना मी हेच सांगत होतो.

"साहेब म्हणाला, मेंढरं फार झालीत, निम्मी मारून टाका. पुढारी म्हणाले, आधी तुमच्या घरातली जास्तीची पोरं निवडा, मग बोलू. साहेबाचा रुमाल भिजला. आता तो त्यांना सोडतच नाही, शहाणपण शिकवा म्हणतो. बर्फ वितळलं की येतील."

मंडळी खदखदून हसली. पुढाऱ्यांची लेक हास्बा तेवढी मी ओढत आणलेल्या दुसऱ्या घोड्याच्या रिकाम्या खोगिराकडे बघत होती.

"काका, जाईपर्यंत तुमच्या तोंडी सारखं बाबांचं नाव असायचं. आल्यापासून एकदाही घेतलं नाहीत."

"राहिलं असेल, पोरी."

"मग आता घ्या."

मी तोंड उघडलं. घोड्यानं कान टवकारले आणि माझी जीभ उचलेना.

"खोटं बोलताय, काका," हास्बा म्हणाली. "नाव घेतलं की भूत होऊन मागं लागतात, ते मेलेले. जिवंत माणसाच्या नावाला आपल्यात कुणी भीत नाही."