एका पेशीच्या दोघी

आईला सूप पाजायला दोघी लागायच्या. थोरली मागून खांदे धरायची, धाकटी चमचा सांभाळायची. आईचे हात तिच्या मनाविरुद्ध नाचत असत आणि मान मध्येच झटका घेई. निम्मं सूप पोटात जाई, निम्मं अंगावर.

"मी तपासणी करून घेतेय," थोरली म्हणाली.

धाकटीचा चमचा थांबला नाही. "कर ना. मला नाही करायची."

"माझी केली की तुझी झालीच, अगं."

सगळी गोम इथेच होती. दोघी जुळ्या, त्याही एकाच पेशीतून झालेल्या. थोरली शाळेत जीवशास्त्र शिकवायची. दरवर्षी फळ्यावर एक गोल काढायची, त्याचे दोन करायची आणि सांगायची की विभागण्याआधी पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करते, म्हणून दोन्हींकडे सगळं सारखं जातं. आईचा आजार एका जनुकातून आलेला; तिच्याकडे त्याच्या दोन प्रती, त्यातली एक बिघडलेली, आणि आजाराला तेवढी एक पुरते. मुलाला कुठली मिळेल, हे नाणं उडवण्यासारखं. या दोघींसाठी मात्र नाणं एकदाच उडालं होतं, आणि ते कसं पडलं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

आईच्या वडिलांनाही हाच आजार होता. चाळिशीनंतर त्यांचा तोल जाऊ लागला. लोक त्यांना दारुडे समजायचे. त्या माणसानं जन्मात थेंबाला हात लावला नव्हता.

"तुला कशाला हवंय कळायला?" धाकटीनं विचारलं.

"आम्हाला मूल हवंय. लग्नाला तीन वर्षं होतील आता. आणि वय काय कुणासाठी थांबतंय?"

धाकटीनं आईचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"कर मग. पण निकाल काहीही येवो, मला सांगायचा नाही. आणि तोंडावर दिसूही द्यायचा नाही. तुझं तोंड मला छापील अक्षरासारखं वाचता येतं."

"मग तोंड काय इस्पितळातच ठेवून येऊ?"

"ते तू बघ, ताई."

'ताई' हा शब्द ती फक्त चिडवायला वापरायची. अकरा मिनिटांचा तर फरक. दोघी हसल्या. आईही हसली, की तो नुसता झटका होता, कळलं नाही.

धाकटी होतीच तशी. लहान असली तरी घरात शब्द तिचाच चालायचा. ती घड्याळं दुरुस्त करायची. थोरलीच्या लग्नाच्या सुमारास तिचंही ठरलं होतं, ते तिनं मोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तो फार जपून बोलतो." मग वरच्या मजल्यावरचं आपलं उजेडाचं घर सोडून ती तळमजल्यावर आईजवळ येऊन राहिली. "चावीची घड्याळं आणि आई, दोघांकडे रोज ठरल्या वेळेला बघावं लागतं," एवढंच तिचं म्हणणं.

थोरलीनं इस्पितळात जाऊन तपासणीसाठी रक्त दिलं. निकालाला सहा आठवडे लागणार होते. वर्गात खडू हातातून निसटला की ती मुलांकडे पाठ करून आपल्या बोटांकडे बघत राही. एकदा जिन्यात पाय अडखळला, तर ती तिथेच पायरीवर बसली. नवऱ्यानं येऊन उठवलं.

"काहीही आलं तरी मी आहे ना."

"तू आहेस रे. पण ते माझ्या आत आहे. आणि तिच्याही."

त्या दिवसांत धाकटी तिच्याकडे बघायचंच टाळू लागली. सूप पाजतानाही नजर चमच्यावर.

ठरल्या दिवशी नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून थोरली एकटीच आत गेली. समुपदेशक बाईंनी टेबलावर लिफाफा ठेवला.

"उघडू?"

थोरलीनं लिफाफ्याकडे पाहिलं. त्यात दोन आयुष्यं होती. त्यातलं एकच तिचं, आणि ती दोन वेगळी काढता येत नव्हती. निकाल वाईट निघाला, तर उरलेला जन्म धाकटीसमोर खोटं तोंड घेऊन वावरायचं. चांगला निघाला, तरी तो आनंद लपणार थोडाच? काही केलं तरी बहिणीचा शब्द मोडणार होता. इतकी हतबल ती आईच्या खाटेजवळही कधी झाली नव्हती.

"नको," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मला कळवूच नका."

बाईंनी लिफाफा कपाटात ठेवला. "इथेच राहील. कधीही या."

बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "नाही बघितलं. आपण मूल दत्तक घेऊ." त्यानं होकारार्थी मान हलवली आणि तो गाडी आणायला गेला.

ती व्हरांड्यात उभी राहिली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा श्वास पुरता आत गेला. आता घरी जाऊन धाकटीला म्हणता येणार होतं, बघ माझ्या तोंडाकडे, हवं तेवढं बघ, काहीच लिहिलेलं नाही.

समोरून ट्रे घेऊन एक वयस्क नर्स येत होती. तिला पाहून थबकली.

"ओळखलं नाहीत? मी रजेवर होते, आजच आले. तीन वर्षांपूर्वी तुमचं रक्त मीच घेतलं होतं."

तीन वर्षांपूर्वी आपण इथे आलोच नव्हतो, असं थोरली सांगणार होती. तेवढ्यात नर्सनं तिचा हात हातात घेतला आणि तळवा उलटा करून बोटं निरखली.

"अजून काही सुरू झालेलं दिसत नाही. बरं वाटलं बघून. त्या दिवशी निकाल ऐकून मला रडू आलं होतं. तुम्ही मात्र नुसत्या बसून होता." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि ती तुमची जुळी बहीण? तिचं लग्न तोंडावर आलं होतं ना तेव्हा? तिला सांगितलंत का शेवटी, की अजून लपवूनच ठेवलंय?"