पिवळा दिवा

काकांनी आयुष्यभर पान्याच्या जोरावर गॅरेज चालवलं. गाडीच्या कॉम्प्युटरचं काही निघालं, की मात्र पुतणीचं वर्कशॉप गाठावं लागे. आजही एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन ते आले.

"कॉम्प्युटर बदललाय, पण समोरचा हा पिवळा दिवा काही विझत नाही. बघ जरा."

तिनं स्कॅनर जोडला. "हा कॉम्प्युटर दुसऱ्या गाडीतला आहे ना? त्यात अजून त्याच गाडीचा चॅसिस नंबर आहे. तो जुळत नाही, म्हणून दिवा पेटतोय."

काकांनी हात झटकला. "मग पुसून टाक की! त्यात काय एवढं?"

"आणलात कुठून?"

"माझ्याच शेडमध्ये पडला होता. भंगारातला."

तिनं तो नंबर पुन्हा वाचला. वर्षभर बाबांबरोबर पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवताना तो तिला पाठ झाला होता. काकांकडे दुरुस्तीला ठेवलेली बाबांची टॅक्सी चोरीला गेली, तेव्हा हेच काका बाबांच्या गळ्यात पडून रडले होते. बाबा आजही दुसऱ्याची टॅक्सी चालवतात.

तिनं काहीच पुसलं नाही. काकांना खुर्ची दिली, हातात चहा दिला आणि त्यांच्यादेखतच फोन लावला.

"बाबा, आपली टॅक्सी सापडली. थोडीशीच उरलीये. येताना पोलिसांना घेऊन या. हो, चोरही इथंच आहे. चहा पितोय."